नखाएवढा टिचक्या

आमच्या प्रयोगशाळेला दर मंगळवारी चाळीस बेडूक लागत आणि ते मामा आणत. सोमवारी दुपारी सायकलच्या कॅरिअरला ओलं पोतं बांधून ते सांगलीबाहेर पडत, उसाच्या पाटांवर आणि विहिरींवर हिंडत, आणि मंगळवारी सकाळी ते पोतं डराव डराव करत आत येई. एकदा सायकल पंक्चर झाली म्हणून ते एसटीनं आले. कंडक्टरनं पोत्यात काय आहे असं विचारलं, तर म्हणाले, “कॉलेजचीच हायत. आज परीक्षा हाय त्येंची.” कंडक्टरनं त्यावर पोत्याचं अर्धं तिकीट फाडलं, असं मामा सांगत. ते खरं की खोटं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मामा म्हणजे आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. काळा, काटकुळा माणूस. खाकी कोट, पांढरी टोपी, आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं तर वहाणा दाराबाहेर. क्लोरोफॉर्मच्या बरणीत बेडूक टाकण्याचं काम त्यांचंच होतं. ते काम ते कुणाशी न बोलता करत. तास संपला की फाडलेले बेडूक घमेल्यात गोळा करून मागच्या कडुनिंबाखाली पुरत. मी नवी होते, मला वाटलं यात काहीतरी थोर भावना असणार. विचारलं, तर म्हणाले, “कुत्री वडत्यात.” माझी निराशा झाली. मामांचं उत्तर साधं असलं म्हणजे ते तेवढ्यावर संपलं असं नसतं, हे मला पुढं हळूहळू कळत गेलं.

मी वाईची. कृष्णेच्या घाटालगतच्या घरातली मुलगी सांगलीला बेडूक फाडायला शिकवणार, हे ऐकून आत्यानं कपाळाला हात लावला होता. पण मी एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आले होते आणि तो पहिला वर्ग माझ्या चांगलाच डोक्यात गेला होता. डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी, चार सुती साड्या आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक एवढ्या भांडवलावर मी जगाला शहाणं करायला निघाले होते. मामांचं शिक्षण चौथीपर्यंत.

त्यांचं एक पालुपद होतं, “बगू या की.” पाऊस येईल का मामा? बगू या की. प्रोजेक्टर चालू होईल का? बगू या की. दुसरा कुणी हे म्हणाला असता तर ती टाळाटाळ ठरली असती. मामा मात्र खरोखर उकिडवे बसून बघत. एकदा खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधायला घेतलं. मामांनी ती खिडकी बारा दिवस उघडू दिली नाही. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणत असू, घामानं चिंब होऊन ओरडत आले. मामांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हलकेच सांगितलं, आज झाकण घालतीया. सर बिचारे त्यांच्या शेजारी वाकून बघत बसले आणि त्यांचा तास बुडाला.

पावसाळा सुरू झाला तेव्हा मला प्रयोगशाळेच्या मागच्या अडगळीच्या खोलीतून टिक टिक टिक असा आवाज येऊ लागला. कुणीतरी लाकडावर नखानं टिचक्या माराव्यात तसा. मला वाटलं घड्याळ. मग वाटलं नळ गळतोय. नळ घट्ट करायला म्हणून आत गेले तर मामा एका काचेच्या पेटीसमोर बसलेले. रसायनशास्त्र विभागानं टाकून दिलेली, तराजूची जुनी काचपेटी होती ती. आत माती, शेवाळ, कारवीच्या दोन काटक्या, वरून ओलं गोणपाट. कोपऱ्यात काळी पडलेली केळी आणि त्यावर चिलटं. पेटीत मला काहीच दिसेना. मामांनी बोट दाखवलं तेव्हा काटकीच्या टोकाला अंगठ्याच्या नखाएवढा एक बेडूक दिसला. रंग वाळल्या पानाचा, डोळे सोन्याच्या तारेचे. त्यानं गळ्याचा फुगा केला आणि त्या एवढ्याशा जिवातून तो आवाज आला.

त्याचं नाव मामांच्या गावाकडं टिचक्या. हे गाव म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते बुडालं, आणि गावातल्या काही घरांना इकडं कडेगावच्या बाजूला माळावर जमीन मिळाली. त्या जमिनीत भावाचं कसंबसं भागत होतं, म्हणून मामा सांगलीला नोकरीला आले. टिचक्या मात्र माळावर नव्हता, सांगलीत नव्हता, माझ्या जाड पुस्तकातही नव्हता. बुडालेल्या गावाच्या वर जो डोंगर उरला होता त्याच्या माथ्यावरच्या धुक्यात तेवढा तो होता. मामा दर दोन-तीन वर्षांनी तिकडं जात आणि डब्यात ओलं शेवाळ घालून एखादा घेऊन येत.

हे कशासाठी, असं मी विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी आजही शब्दाशब्दानं सांगू शकते. लहानपणी ते बापाबरोबर डोंगरावर गुरं घेऊन जात. वर पाण्याचं डबकं नाही, ओढा कोसभर खाली, आणि तरी पावसाळ्यात कारवीच्या पानापानावर टिचक्या. खालच्या ओढ्यात बेडूकमासे वळवळताना पोरानं पाहिले होते, पण ते सगळे मोठ्या बेडकांचे. मग टिचक्याची पोरं कुठं होतात? त्यानं बापाला विचारलं.

“आबा म्हनला, मला न्हाई ठावं. तू बगून सांग.”

एवढंच. बाप गेला, त्याला गावच्या ओढ्याकाठी अग्नी दिला, आणि पुढं काही वर्षांनी तो ओढाच पाण्याखाली गेला. मामांनी हे सांगताना आवाज जराही हलू दिला नाही. मी मात्र त्या खोलीत उभी राहून पहिल्यांदाच विचार केला, की मला आजवर एवढ्या परीक्षांत विचारलेला एकही प्रश्न चाळीस वर्षं पुरला नसता.

त्याच सुमाराला सरांनी एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात दक्षिण अमेरिकेच्या रानातल्या बेडकांची चित्रं होती. निळेशार, पिवळेधमक, शेंदरी. तिथले शिकारी म्हणे बाणाचं टोक त्या बेडकाच्या पाठीवर घासतात आणि तो बाण लागला की जनावर जागीच आडवं होतं. सर रंगात येऊन सांगत होते. मामा मागं उभं राहून ऐकत होते. त्यांनी मासिक हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे खातं काय? सर म्हणाले, मुंग्या, किडे, मिळेल ते.

“आन् पेटीत ठिवलं, हितली चिलटं घातली, तर त्येचं इख ऱ्हाईल?”

सर हसले. म्हणाले, मामा, नागाला दूध पाजलं म्हणून त्याचं विष जातं का? ते अंगातच तयार होतं. मामा म्हणाले, आमची गाय कोयनेतनं माळावर आणली तर तिच्या दुधाची चव गेली. गाय तीच, चारा बदलला. बगाय पायजे. आम्ही सगळे हसलो. मीही हसले, ते मला नीट आठवतं.

पुढं वीस-बावीस वर्षांनी, मामा हयात नसताना, मी एका वाचनालयात एक लेख वाचला. काचेच्या पेटीत जन्मलेल्या आणि वाढलेल्या त्या बेडकांच्या कातडीत विषच नसतं, ते त्यांना रानातल्या मुंग्यांतून आणि किड्यांतून मिळतं, असं शास्त्रज्ञांनी शोधून काढलं होतं. मी मासिक मिटलं आणि भर वाचनालयात रडले. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, वाईट बातमी वाचली असावी.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मंगळवारचे चाळीस बेडूक बंद झाले. पाट कोरडे, विहिरींत चिखल. मुलं तक्त्यावर बघून आकृत्या काढू लागली. सांगलीतही नळाला एक दिवसाआड पाणी येई आणि तेही घटकाभर. नेमकी त्या जूनच्या सुरुवातीलाच मामांनी डोंगरावरून टिचक्याची मादी आणली होती. आधी एकटा नर होता, आता जोडी झाली. पण बाहेर पाऊस नाही, हवा भाजून काढणारी. धुक्यात वाढलेला जीव सांगलीत तगायचा कसा?

मामांनी घरून एक तांब्याची गळती आणली. शंकराच्या पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत राहावं म्हणून बुडाला बारीक भोक असलेलं भांडं टांगतात, ती गळती. त्यांच्या बुडालेल्या गावच्या देवळातली होती. देव हलवला तेव्हा नव्या देवळाला नवी गळती मिळाली आणि ही जुनी मामांच्या घरात राहिली. ती त्यांनी काचपेटीवर टांगली. थेंब गोणपाटावर पडे, तिथून पाझरून खालच्या परातीत, आणि परात भरली की मामा तेच पाणी परत वर ओतत.

आमच्या हेडक्लार्कना हे कळलं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हा शिपाई बेडकाला अभिषेक करतोय, अशी तक्रार प्राचार्यांकडं गेली. प्राचार्य स्वतः बघायला आले. मामांनी सांगितलं, हे कॉलेजचं पानी न्हाई, माझ्या वाटनीचं हाय. ते घरून रोज एक तांब्या आणत आणि दिवसभर कॉलेजच्या माठाला हात लावत नसत. प्राचार्य त्या थेंबांकडं थोडा वेळ बघत राहिले, मग गेले. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कच अर्धी बाटली पाणी घेऊन आले आणि परातीत ओतून लगबगीनं निघून गेले. त्या गृहस्थांना मी त्यानंतर कधी नावं ठेवली नाहीत.

आषाढात एके सकाळी मामांनी मला हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. पेटीत शेवाळाखाली, मातीच्या खळग्यात अंडी होती. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, मी मोजली, सतरा. मादीनं वर माती सारली होती, मामांनी काडीनं ती जराशी बाजूला केली होती.

“आता समजंल,” मामा म्हणाले.

ते पुढच्या वर्षी सप्टेंबरात निवृत्त होणार होते. मग खोली जाणार, पेटी जाणार, आणि त्यांना जायचं होतं ते भावाच्या माळावर, जिथं टिचक्या एक दिवसही जगला नसता. म्हणजे हाती फक्त दोन पावसाळे होते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पाच-सहा दिवसांतच महाराष्ट्रीय बेंदूर आला. भावानं निरोप धाडला होता, की वैरण नाही, या बेंदरानंतर बैल विकणार, तेव्हा शेवटचं पूजायला ये. मामांना जाणं भाग होतं. चार दिवसांची रजा. जाताना त्यांनी मला सांगितलं, सकाळ-संध्याकाळ गळती भरा, बाकी कशालाच हात लावू नका, नुस्तं बगा. मी मान डोलावली.

दोन दिवस मी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी मला माझा पहिला वर्ग आठवला. बेडकाच्या अंड्यातून बेडूकमासा बाहेर पडतो, त्याला कल्ले असतात, शेपूट असते, तो पाण्यातच जगतो. हे शाळेतलं पोरही सांगेल. ही अंडी मातीवर फुटली तर सतराच्या सतरा तडफडून मरणार. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रानात मादी अंडी मातीत घालत असेल आणि पाऊस ती वाहून ओढ्यात नेत असेल. इथं पाऊसच नाही. तर पावसाचं काम आपण करायला हवं. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, उत्तम, अगदी शास्त्रशुद्ध.

मी माझ्या खोलीवरचं पाणी आणलं. माझ्या वाट्याचं. उकळून, गार करून, गाळून. त्या दिवशी मी तोंडही अर्ध्या पेल्यात धुतलं. काचेच्या बशीत ते पाणी ओतून चमच्यानं एकेक अंडं उचलून त्यात सोडलं, आणि मामा परत आल्यावर किती खूश होतील याचा विचार करत बसले. दुष्काळात दुसऱ्यासाठी पाणी दिल्याचं पुण्य काही औरच असतं. ते पुण्य माझ्या तोंडावर स्पष्ट दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंडी पांढुरकी झाली. त्याच्या पुढच्या सकाळी त्यांच्याभोवती कापसासारखी बुरशी होती.

मामा आले ते थेट माझ्या टेबलाशी. अॅल्युमिनियमच्या डब्यात मामींनी माझ्यासाठी दोन पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. तसल्या वर्षातल्या बेंदराच्या पुरणपोळ्या. डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि आत गेले. मी डबा धरून तशीच उभी राहिले. आतून काहीच आवाज येईना तेव्हा गेले. मामा बशीकडं बघत होते.

“पान्यात घातली व्हय?”

मी काहीबाही सांगू लागले. बेडूकमासे, कल्ले, पुस्तक, सर. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते बशी उचलत म्हणाले, “सगळ्यास्नी पानी मानवत न्हाई, बाई.”

ते रागानं म्हणाले असते तर मला सोसलं असतं. त्यांनी बशी कडुनिंबाखाली नेली, हातानं खळगा केला आणि मंगळवारचे बेडूक पुरत तशी ती अंडी पुरली. मी पुरणपोळ्या खाल्ल्या नाहीत. मग वाटलं, ते आणखी वाईट. रडत रडत खाल्ल्या.

पुढचे बरेच महिने मामांच्या तोंडून “बगू या की” ऐकू आलं नाही. पोरं मुद्दाम विचारत, पाऊस येईल का मामा, आणि मामा फडकं घेऊन दुसरीकडं जात. मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. तसाच राहिला. मादीनं त्या वर्षी पुन्हा अंडी घातली नाहीत, आणि पुढं चैत्राच्या उन्हाळ्यात ती मेली. नर राहिला, पण तो बोलेनासा झाला.

एक दिवस मामा गळती घासता घासता म्हणाले, “जूनमधी आमच्या डोंगरावर येता का, बाई?”

त्यांनी मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. मी माफी मागितली होती की नाही, हेही आता आठवत नाही. आठवतो तो एवढाच प्रश्न.

परक्या पुरुषाबरोबर डोंगर हिंडायला जाणार म्हणून वाईला गहजब होऊ नये यासाठी मामींनाही बरोबर घेतलं. सांगलीहून साताऱ्याला एसटी, तिथून बामणोली, बामणोलीहून लाँच. त्या वर्षी पाऊस वेळेवर लागला होता. लाँच निम्म्यावर आली तशी मामींनी पिशवीतून पुडी काढून पाण्यात हळदकुंकू सोडलं आणि हात जोडले. खाली त्यांचं गाव होतं. ज्या घरात त्या सून म्हणून आल्या ते घर तिथं खाली होतं. मामांनी मात्र पाण्याकडं पाठ केली होती. ते वरच्या डोंगराकडं बघत होते आणि लाँच काठाला लागेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

डोंगरावर धुकं इतकं, की चार पावलांवरच्या मामी मला दिसेनात. आणि त्या धुक्यात सगळीकडून टिक टिक टिक. भर सकाळी. हजारो टिचक्या असतील, एकही दिसत नव्हता. मी एका आवाजाच्या रोखानं जाई, आवाज बंद पडे. दुसऱ्याकडं जाई, तोही बंद. मामा मला म्हणाले, त्येला शोधू नका, बसून ऱ्हावा. आम्ही ओल्या दगडावर बसलो. तासभर झाला असेल. हळूहळू आमच्या अवतीभोवतीचे आवाज परत सुरू झाले, आणि मग माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरच्या पानावर तो मला दिसला. तो तिथं सगळा वेळ होता. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही, मला धन्य वाटलं.

जोडी घेऊन आम्ही परतलो. आषाढ निम्मा झाला आणि मादीनं अंडी घातली. यंदा एकोणीस. या वेळी मी हात पाठीमागं बांधून बघत असे. खरंच बांधत असे. मामा भिंग हातात घेत नसत, मी बघायचं आणि सांगायचं, वहीत तारखेनिशी लिहायचं. नवव्या दिवशी अंड्यात दोन काळे ठिपके दिसले. डोळे. बाराव्या दिवशी मी काहीतरी लिहिलं आणि खोडलं. पुन्हा बघितलं, पुन्हा लिहिलं. अंड्याच्या आत चार पाय फुटत होते. कल्ले कुठंच नव्हते. बेडूकमाशाला पाय येतात ते बाहेर पडल्यावर, कितीतरी आठवड्यांनी, आणि तेही आधी मागचे. मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, भिंग पुसून घ्या.

मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “बगू या की.” वर्षभरानं ऐकलं ते. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

चोविसावा दिवस मंगळवार होता. पाट भरले होते, त्यामुळं शेजारच्या दालनात चाळीस मुलं आणि चाळीस बेडूक आपापल्या जागी होते. मी एका बेडकावर ताटलीत टाचण्या टोचायला शिकवत होते, बाकीचे अजून पोत्यात जिवंत होते, तेव्हा मामा दारात आले आणि त्यांनी नुसता हात हलवला. मी कात्री ठेवून गेले. मामा पेटीसमोर होते. मला बघून ते उठले आणि बाजूला झाले.

“तुमी बगा आदी.”

मी म्हटलं, मामा, नाही, तुमचा मान आहे. पण ते सरकेनात. म्हणाले, गेल्या साली तुमचं बगायचं ऱ्हायलं. मग मी वाकले. एक अंडं थरथरत होतं. आतून काहीतरी ढोसत होतं. साल फाटली आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक बेडूक बाहेर आला. बेडूकमासा नव्हे, बेडूक. चार पाय, सोनेरी डोळे, मागं दोऱ्याच्या टोकाएवढी शेपटी, ती गळूनच जायची होती. तो शेवाळावर बसला आणि त्यानं डोळ्यांची उघडझाप केली. ज्याला डबकं मिळत नाही त्यानं आपलं सगळं डबकं साबुदाण्याएवढ्या अंड्यात भरून ठेवलं होतं, आणि त्याचं पोर त्यातच पोहून, वाढून, पायावर उभं राहून बाहेर आलं होतं. मी आजवर देवळात पुष्कळदा हात जोडले होते, पण ते खरोखर जोडावेसे वाटले ते तिथं.

मग मामा बसले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्यांच्यासमोर आणखी तीन फुटले. शेवटी ते मागं सरले, स्टुलावर टेकले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “बगितलं.”

मी मुलांना दोघा-दोघांनी आत सोडलं. त्या दिवशी उरलेले बेडूक कुणी फाडले नाहीत, मामांनी ते संध्याकाळी पाटात नेऊन सोडले. सर आले, त्यांनी बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. म्हणाले, मामा, मी बारा वर्षं मुलांना चुकीचं सांगत आलो. मामा म्हणाले, “चुकीचं न्हाई, सर. दुसऱ्या बेडकाचं सांगितलं.”

सरांनी पुण्याच्या एका जाणत्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, की निरीक्षण उत्तम आहे, पण अंड्यातूनच बेडूक निघण्याचा हा प्रकार लंकेतल्या अशा छोट्या बेडकांत पूर्वीच कुणी पाहून लिहून ठेवला आहे. सरांचा चेहरा पडला, माझाही पडला. मी भीत भीत मामांना सांगितलं. मामांना तर आनंद झाला. म्हणाले, “म्हंजे तितल्या मानसानंबी बगितलं. बरं झालं.”

सप्टेंबरात मामा निवृत्त झाले. शाल, नारळ आणि गजराचं घड्याळ मिळालं. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं पुन्हा बामणोलीला गेलो. डब्यात जोडी होती, जुना नर होता आणि जगलेली अकरा पिल्लं. डोंगरावर पाऊस ओसरत आला होता, पण धुकं होतं. मामांनी डबा कारवीच्या मुळाशी आडवा ठेवला, झाकण काढलं आणि आम्ही दूर जाऊन बसलो. डबा केव्हा रिकामा झाला ते आम्हाला दिसलं नाही. जुना नर मात्र इतक्या महिन्यांनी बोलला. तोच होता असं मामांचं म्हणणं, आणि मी आता मामांच्या म्हणण्याला हरकत घेत नसे.

येताना लाँच पाण्याच्या मध्यावर आली तेव्हा मामांनी लाँचवाल्याला हात केला आणि इंजिन जरा बंद करायला सांगितलं. तो खालच्याच एका गावचा होता. त्यानं का म्हणून विचारलं नाही. इंजिन थांबलं. मामींनी पुडी काढली, पण मामांनी त्यांचा हात धरून थांबवला आणि स्वतः पुढं झाले. टोपी काढली. आजवर ज्या पाण्याकडं पाठ केली होती त्याच्यावर ओणवे झाले आणि समोर बसलेल्या माणसाला सांगावं तसं हलक्या आवाजात म्हणाले,

“आबा, बगितलं. त्येला पानी लागत न्हाई.”

मग त्यांनी टोपी घातली आणि लाँचवाल्याला म्हणाले, चल बाबा, साताऱ्याची गाडी चुकंल.